लांबीकडून वारंवारतेकडे : प्रकाशमापनाची तीन शतके

प्रकाशतरंगाची लांबी आणि एका सेकंदात एखाद्या स्थानावरून पुढे जाणाऱ्या तरंगांची संख्या यांचा गुणाकार प्रकाशाच्या वेगाइतका असतो, हा नियम पाठ्यपुस्तकात एका ओळीत मांडला जातो आणि विद्यार्थी तो उदाहरणे सोडवण्यापुरता लक्षात ठेवतो. त्यामुळे तरंगलांबी, वारंवारता आणि वेग या तिन्ही राशी सारख्याच सहजतेने मोजता येतात, अशी समजूत होते. विज्ञानाच्या इतिहासात मात्र त्यांची स्थिती कधीच सारखी नव्हती. वेगाचा अंदाज सतराव्या शतकातच आला होता, आणि तरंगलांबी अठराव्या शतकाच्या आरंभी, ती तरंगलांबी आहे हे मोजणाऱ्यालाच ठाऊक नसताना, मोजून झाली होती. प्रकाशाची वारंवारता मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणत्याही उपकरणाने थेट मोजता आली नव्हती आणि दरवेळी ती भागाकार करूनच काढावी लागे. ही परिस्थिती पालटली तेव्हा केवळ प्रकाशशास्त्रच बदलले नाही, तर ज्या मीटरने जग लांबी मोजते त्या मीटरचीही व्याख्या बदलली.

पाण्यावरच्या लाटेप्रमाणे प्रकाशाच्या तरंगातही उंचवटे आणि खोलगटे एकामागून एक येतात, असे मानले तर लगतच्या दोन उंचवट्यांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी आणि एका सेकंदात एका जागेवरून सरकणाऱ्या उंचवट्यांची संख्या म्हणजे वारंवारता. निर्वात पोकळीत सर्व रंगांचा वेग एकच असल्यामुळे या दोन राशी व्यस्त प्रमाणात असणे अपरिहार्य ठरते. बोट धरून बरोबरीने चालणाऱ्या बापलेकांपैकी ज्याची ढांग लहान त्याला पावले अधिक टाकावी लागतात, तसेच हे आहे. दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील ७०० भाग, आणि तिची वारंवारता सेकंदाला सुमारे ४२८ लाख कोटी भरते. जांभळ्या टोकाशी ४०० नॅनोमीटर तरंगलांबीला वारंवारता सुमारे ७५० लाख कोटी होते. सेकंदाला एक आवर्तन या प्रमाणाला हर्ट्झ म्हणतात.

या दोन राशींमधील एक भेद पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे. प्रकाश हवेतून काचेत शिरतो तेव्हा त्याचा वेग साधारण दोन-तृतीयांश होतो, आणि त्याच प्रमाणात त्याची तरंगलांबीही आखडते. वारंवारता मात्र तसूभरही बदलत नाही, कारण सीमेवर जितके उंचवटे येतात तितकेच पलीकडे गेले पाहिजेत, वाटेत ते साचू शकत नाहीत की नाहीसे होऊ शकत नाहीत. हवेत ६०० नॅनोमीटर असलेली नारिंगी प्रकाशाची लांबी काचेत ४०० नॅनोमीटरवर येते, तरी तो प्रकाश जांभळा होत नाही. तरंगलांबी ही प्रकाश आणि माध्यम या दोघांची मिळून ठरणारी गोष्ट आहे, तर वारंवारता ही प्रकाशाच्या उगमाची खूण आहे आणि ती प्रकाशासोबत अखेरपर्यंत टिकते. म्हणजे अधिक मूलभूत असलेली राशीच शास्त्रज्ञांच्या हाती सर्वांत उशिरा आली.

आयझॅक न्यूटन यांनी १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात, सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवले असता दिसणाऱ्या रंगीत कड्यांची मोजमापे दिली आहेत. भिंगाची वक्रता ठाऊक असल्याने प्रत्येक कड्याखाली हवेचा थर किती जाड आहे हे त्यांना भूमितीने काढता आले, आणि एका तेजस्वी कड्यापासून पुढच्या तेजस्वी कड्यापर्यंत ही जाडी एका इंचाच्या ८९,००० व्या भागाने वाढते, असे त्यांना आढळले. हे अंतर सुमारे २८५ नॅनोमीटर होते. प्रकाश थरातून खाली जाऊन परत वर येतो म्हणून त्याची दुप्पट केली तर ५७१ नॅनोमीटर, म्हणजे पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी, हाती येते. न्यूटन यांचा प्रकाशाच्या तरंगस्वरूपावर विश्वास नव्हता, त्यामुळे या आकड्याचा त्यांनी वेगळा अर्थ लावला; परंतु मोजमाप इतके काटेकोर होते की पुढे शंभर वर्षांनी त्यांच्या विरोधी सिद्धान्ताला तेच आधार म्हणून उपयोगी पडले. मोजणाऱ्याचा सिद्धान्त कोणताही असो, प्रामाणिकपणे नोंदवलेले माप वाया जात नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

वेगाची माहिती आकाशातून आली. ओले रोमर यांनी १६७६ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे पाहून प्रकाशाला अंतर कापण्यास वेळ लागतो असे दाखवले, आणि जेम्स ब्रॅडली यांच्या १७२८ च्या सुमाराच्या ताऱ्यांच्या निरीक्षणांनंतर सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक काळ लागतो हे निश्चित झाले. दरम्यान क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९० मध्ये प्रकाशाचा तरंगसिद्धान्त मांडला होता. तथापि त्यांच्या तरंगांत नियमित पुनरावृत्ती नसल्यामुळे तरंगलांबी वा वारंवारता ही कल्पनाच त्यात बसत नव्हती. रंगाचा संबंध आवर्तनांच्या संख्येशी जोडण्याचे श्रेय लिओनार्ड ऑयलर यांच्या १७४६ च्या निबंधाला द्यावे लागते; मात्र त्यात आकडे नव्हते.

आकडे आले ते थॉमस यंग यांच्याकडून. लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्या या अठ्ठावीस वर्षांच्या विद्वानाने १२ नोव्हेंबर १८०१ रोजी रॉयल सोसायटीत दिलेल्या व्याख्यानात प्रकाशाच्या व्यतिकरणाचा नियम मांडला. व्यतिकरण म्हणजे दोन तरंग एकाच जागी आल्यावर उंचवट्यावर उंचवटा पडल्यास प्रकाश वाढणे आणि उंचवट्यावर खोलगटा पडल्यास तो मंदावणे. यंग यांनी त्यापूर्वी ध्वनीचा अभ्यास केला होता आणि जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन स्वरांमुळे आवाज आळीपाळीने चढतो-उतरतो हे त्यांना माहीत होते; तोच विचार त्यांनी न्यूटनच्या कड्यांना लावला, न्यूटनचीच मोजमापे घेतली आणि प्रत्येक रंगासाठी एक कोष्टक तयार केले.

हे कोष्टक भौतिकशास्त्राच्या इतिहासातील एक अतिशय मोलाचा कागद आहे आणि त्याचे स्तंभ एकेक करून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या स्तंभात तरंगलांबी इंचांत दिली आहे : तांबड्याच्या टोकाला ०.००००२६६ इंच आणि जांभळ्याच्या टोकाला ०.००००१६७ इंच. दुसऱ्या स्तंभात एका इंचात किती तरंग मावतात ते दिले आहे, अनुक्रमे ३७,६४० आणि ५९,७५०. तिसऱ्या स्तंभात एका सेकंदातील आवर्तनांची संख्या आहे, आणि ती तांबड्यासाठी ४६३ लाख कोटी व जांभळ्यासाठी ७३५ लाख कोटी अशी आहे. पहिले दोन स्तंभ कड्यांच्या मोजमापांवर उभे आहेत. तिसरा स्तंभ मात्र दुसऱ्या स्तंभाला प्रकाशाच्या वेगाने गुणून मिळालेला आहे, आणि त्यासाठी यंग यांनी सूर्याचे अंतर ५०० अब्ज फूट व प्रकाशाला लागणारा वेळ ८ मिनिटे आणि एका मिनिटाचा आठवा भाग असे धरले आहे. त्यावरून वेग सेकंदाला सुमारे ३ लाख १२ हजार ६०० किलोमीटर येतो, म्हणजे वास्तवाहून साधारण चार टक्क्यांनी जास्त; म्हणून त्यांच्या वारंवारताही नेमक्या तितक्याच टक्क्यांनी वाढलेल्या आहेत. या कोष्टकात लांबी ही निरीक्षणातून आलेली आहे आणि वारंवारता ही तिची छाया आहे. हा क्रम पुढील पावणेदोनशे वर्षे तसाच राहिला.

यंग यांच्या विचारांवर इंग्लंडमध्ये कठोर टीका झाली, आणि त्यांना खरी साथ मिळाली ती ऑग्युस्तँ फ्रेनेल यांच्या गणिताची. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक फ्रेनेल यांना १८१९ मध्ये मिळाले. त्यांच्या निबंधात तांबड्या काचेतून आलेल्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००६३८ मिलिमीटर धरली होती. तथापि रंगीत काचेतून येणाऱ्या प्रकाशात तरंगलांबींचा एक पट्टाच असतो, त्यामुळे याहून अधिक काटेकोर मोजायचे तर प्रकाशात एखादी अचल खूण हवी होती.

ही खूण बव्हेरियातील योझेफ फ्राउनहोफर यांना सापडली. श्ट्राउबिंग येथे १७८७ मध्ये काचकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या या कारागिराचे विद्यापीठीय शिक्षण झाले नव्हते. बेनेडिक्टबॉयर्न येथील जुन्या मठात थाटलेल्या काचशाळेत दुर्बिणींसाठी उत्तम भिंगे घडवताना त्यांना सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसल्या, आणि १८१४ पासून त्यांनी अशा पाचशेहून अधिक रेषांची नोंद करून ठळक रेषांना रोमन अक्षरांची नावे दिली. पिवळ्या भागातील ‘डी’ रेषेची जागा दिव्याच्या ज्योतीतील तेजस्वी पिवळ्या रेषेशी जुळते हेही त्यांच्या लक्षात आले होते.

या रेषांची तरंगलांबी मोजण्यासाठी त्यांनी १८२१ च्या सुमारास जे साधन बनवले ते हाताच्या कौशल्याचा उत्कृष्ट नमुना आहे. एका चौकटीत दोन बारीक आट्यांचे स्क्रू समांतर बसवून त्यांच्या आट्यांमधून अत्यंत बारीक तार एकापुढे एक ओढून घेतली की सर्व तारांमधील अंतर आपोआप सारखे राहते. अशा २६० तारांची ही जाळी त्यांनी दुर्बिणीपुढे ठेवली. लगतच्या दोन फटींमधून तिरप्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाला थोडे वेगवेगळे अंतर कापावे लागते, आणि अंतरांतील हा फरक नेमका एका तरंगलांबीइतका झाला की सर्व फटींमधील प्रकाश एकमेकांना बळ देतो. म्हणून तारांमधील अंतर आणि रेषा दिसते तो कोन एवढे मोजले की तरंगलांबी मिळते. अशा साधनाला विवर्तन जालिका किंवा ग्रेटिंग म्हणतात. पुढे त्यांनी हिऱ्याच्या टोकाने काचेवर रेघा ओढून अधिक दाट जालिका केल्या. ‘डी’ रेषेचा त्यांचा आकडा आजच्या ५८९ नॅनोमीटरच्या अगदी निकट आहे. कोणतेही गृहीत न धरता, केवळ फूटपट्टी आणि कोन यांच्या आधारे प्रकाशाची लांबी मोजण्याची ही पहिली पद्धत होती. फ्राउनहोफर १८२६ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी निवर्तले.

तरंगलांबीतील थोड्याशा फरकालाही किती महत्त्व असते, याचा प्रत्यय १८६८ मध्ये आला. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला होता. गुंटूर येथे पिएर जान्सेन यांनी, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. या ज्वाळांच्या प्रकाशातील पिवळी रेषा सोडियमची असावी असे प्रथम वाटले. तथापि सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, तर ही ५८७.६ नॅनोमीटरला पडते, आणि एवढ्या अंतरावरून नॉर्मन लॉकियर यांनी तिच्यामागे पृथ्वीवर अज्ञात असलेले मूलद्रव्य असल्याचे अनुमान बांधले. तेच हेलियम होय. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना मिळाले.

त्याच १८६८ साली उप्साला येथील आंडर्स आँगस्ट्रॉम यांनी सूर्याच्या वर्णपटातील सुमारे हजार रेषांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांनी तरंगलांबीसाठी वापरलेल्या मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. परंतु या कामात एक दोष शिरला होता, आणि तो प्रकाशाचा नव्हता : उप्सालातील मीटरच्या दांड्याची पॅरिसमध्ये झालेली तुलनाच चुकली होती, त्यामुळे सर्व तरंगलांबी दहा हजारांत सुमारे एक भाग इतक्या चुकीच्या निघाल्या. आँगस्ट्रॉम १८७४ मध्ये वारले; त्यांचे सहकारी रॉबर्ट थालेन यांनी ही दुरुस्ती १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. जालिका कितीही चांगली असली, डोळा कितीही तयार असला, तरी तरंगलांबी अखेर एका धातूच्या दांड्याच्या भरवशावर उभी होती.

वेगाची स्थिती त्याहून कच्ची होती. इपोलिट फिझो यांनी १८४९ मध्ये सुरेन आणि मोंमार्त्र यांच्यामधील ८,६३३ मीटर अंतरावर, ७२० दात्यांचे चाक फिरवून प्रकाशाचा वेग प्रथमच पृथ्वीवर मोजला, तो सुमारे ३ लाख १३ हजार किलोमीटर आला. लेऑं फूको यांच्या १८६२ च्या फिरत्या आरशाच्या प्रयोगात तो २ लाख ९८ हजार आला. एकाच शहरात तेरा वर्षांत पाच टक्क्यांचा फरक पडत असेल, तर तरंगलांबी कितीही अचूक असली तरी तिच्यापासून काढलेली वारंवारता दुसऱ्याच अंकाशी डळमळीत होणार हे उघड आहे. वर्णपटाचे अभ्यासक म्हणून एका वेगळ्या वाटेने गेले : जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी १८७१ मध्ये सुचवल्याप्रमाणे ते तरंगलांबीचा व्यस्तांक, म्हणजे ठरावीक लांबीत किती तरंग मावतात ती संख्या, वापरू लागले. या तरंगसंख्येत वारंवारतेचे बहुतेक गुण होते आणि वेगाचे अज्ञान मात्र नव्हते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत अवरक्त वर्णपट आजही सेंटीमीटरमागील तरंगसंख्येतच रेखाटला जातो, याचे मूळ त्या काळच्या अडचणीत आहे.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचे मांडले, आणि १८७० मध्ये लिव्हरपूल येथील भाषणात त्याहूनही दूरगामी विचार बोलून दाखवला. पृथ्वीचा आकार वा तिची फिरण्याची गती बदलू शकते, पण एकाच मूलद्रव्याचे सर्व रेणू सारखेच असतात. म्हणून लांबी, काळ आणि वस्तुमान यांची प्रमाणे हवी असतील तर ती रेणूंच्या प्रकाशाची तरंगलांबी, त्याचा आवर्तकाल आणि रेणूंचे वस्तुमान यांत शोधावीत, असे त्यांचे म्हणणे होते. हे मान्य केले तर मीटर आणि सेकंद हे दोन्ही एकाच प्रकाशाच्या दोन अंगांतून मिळतात.

या विचाराचा पहिला अर्धा भाग अल्बर्ट मायकेलसन यांनी १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हर येथे प्रत्यक्षात आणला. मीटरचा प्लॅटिनम-इरिडियमचा मूळ दांडा जेथे ठेवला आहे त्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयातच त्यांनी हे काम केले, आणि त्यासाठी आपले व्यतिकरणमापी हे उपकरण वापरले, ज्यात एक प्रकाशशलाका दुभंगून दोन आरशांवरून परत आणली जाते आणि एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने सरकला की दृष्टिक्षेत्रातून एक काळी पट्टी पुढे जाते. कॅडमियमच्या तांबड्या रेषेची निवड त्यांनी मोठ्या विचाराने केली होती, कारण तपासलेल्या रेषांपैकी तीच सर्वांत साधी होती. संपूर्ण मीटरभर पट्ट्या मोजत बसणे अशक्य असल्याने त्यांनी नऊ मध्यम मापे तयार केली : सर्वांत लहान सुमारे ०.३९ मिलिमीटरचे, पुढचे प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, आणि शेवटचे दहा सेंटीमीटरचे. पट्ट्या एकेक करून मोजल्या त्या फक्त सर्वांत लहान मापाच्या, आणि त्या बाराशेच्या आसपास भरल्या. तेथून दुपटीने पुढे जात, दहा सेंटीमीटरचे माप दहा वेळा पुढे सरकवून ते मीटरपर्यंत पोहोचले. एका मीटरमध्ये कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाचे १५,५३,१६३.५ तरंग मावतात, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९०५-०६ मध्ये बनॉ, फाब्री आणि पेरो यांनी वेगळ्या पद्धतीने हीच संख्या १५,५३,१६४.१३ अशी काढली. साडेपंधरा लाखांत एका तरंगाचाही फरक नाही. दांड्याने प्रकाश मोजण्याऐवजी प्रकाशाने दांडा मोजता येतो हे येथे सिद्ध झाले, आणि मापनशास्त्राच्या संपूर्ण इतिहासात याच्या तोडीचे प्रयोग फार थोडे आहेत.

वारंवारतेचा उदय मात्र प्रकाशाच्या क्षेत्रात न होता रेडिओतरंगांच्या क्षेत्रात झाला. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये कार्ल्सरूह येथे जस्ताच्या पत्र्यावरून तरंग परतवून त्यांची तरंगलांबी खोलीतच मोजली, आणि त्यांची वारंवारता विद्युतमंडलाच्या घडणीवरून काढली. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी सुमारे पाच मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण करून १८९६ मध्ये जालिकेच्या साहाय्याने त्यांची तरंगलांबी मोजल्याचा निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवला. या तरंगांची आवर्तने प्रकाशाच्या मानाने इतकी सावकाश असतात की विद्युत साधने ती मोजू शकतात. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणाऱ्या श्रोत्यांना तर दोन्ही राशी रोज एका दमात सांगितल्या जात : पुणे केंद्राची ओळख ३७८.८ मीटर आणि ७९२ किलोहर्ट्झ अशी होती. या दोहोंचा गुणाकार सेकंदाला ३ लाख किलोमीटर भरतो. काटेकोर वेग घेतला असता तर मीटरांचा आकडा ३७८.५ आला असता.

लुई एसेन यांनी इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९४६ पासून याच मार्गाने प्रकाशाचा वेग काढला. तांब्याच्या पोकळ नळकांड्यात सूक्ष्मतरंग घुमवायचे, नळकांड्याच्या मापावरून तरंगलांबी काढायची, घड्याळाशी तुलना करून वारंवारता मोजायची आणि दोहोंचा गुणाकार करायचा, अशी ही पद्धत होती. त्यांचे उत्तर, सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर, तेव्हा सर्वमान्य असलेल्या आकड्याहून १६ किलोमीटरने अधिक निघाले आणि ते बरोबर ठरले. येथे वेग हा अंतर आणि वेळ यांच्या शर्यतीतून न काढता तरंगलांबी आणि वारंवारता या जोडीतून मिळाला.

एसेन आणि जॅक पॅरी यांनी १९५५ मध्ये उभारलेल्या सीझिअमच्या घड्याळामुळे १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सीझिअम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आणली गेली. त्याआधी १९६० मध्ये वजनमापांच्या महापरिषदेने दांड्याला निवृत्त करून क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी म्हणजे एक मीटर असे ठरवले होते. मॅक्सवेल यांच्या कल्पनेतील लांबी आणि काळ आता अणूंच्या हाती गेले होते. मात्र दोन वेगवेगळ्या अणूंच्या. क्रिप्टॉनची रेषाही तितकी निर्दोष नव्हती : ती किंचित एकीकडे झुकलेली असल्याने तिचा मध्य कोठे मानायचा यावर अब्जात सुमारे चार भागांची अनिश्चितता राहत होती.

ही कोंडी लेसरने फोडली. अमेरिकेतील बोल्डर येथे केनेथ इव्हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथेनच्या रेषेवर स्थिर केलेला हेलियम-निऑन लेसर घेतला. त्याचा अवरक्त प्रकाश ३.३९ मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे सेकंदाला ८८ लाख कोटींहून अधिक आवर्तनांचा होता, आणि सीझिअमची आवर्तने त्याच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकीच होती. ही दरी त्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी ओलांडली : सूक्ष्मतरंगांच्या वारंवारतेची पूर्णांकी पट घेऊन ती पहिल्या लेसरशी ताडून पाहायची, त्याची पट दुसऱ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी, आणि प्रत्येक ठिकाणी उरणारा लहानसा फरक इलेक्ट्रॉनिक साधनाने मोजायचा. ही तुलना ज्या ठिकाणी घडत असे ते साधन दिसायला अगदी साधे होते : केसाहून बारीक टंगस्टनची तार, तिचे टोक अणकुचीदार केलेले, आणि ते निकेलच्या गुळगुळीत पृष्ठावर हलकेच टेकवलेले. तारेवर पडणारा प्रकाश तिच्यात विद्युतप्रवाह खेळवी आणि त्या सूक्ष्म संपर्कबिंदूत वारंवारतांची बेरीज-वजाबाकी होई. अशा रीतीने १९७२ मध्ये त्या लेसरची वारंवारता ८८.३७६१८१६२७ लाख कोटी हर्ट्झ अशी मिळाली. तरंगलांबी क्रिप्टॉनशी तुलना करून ३.३९२२३१३७६ मायक्रोमीटर ठरली. आणि गुणाकाराने प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर, एका मीटरच्या आसपासच्या अनिश्चिततेसह, हाती आला. यंग यांच्या कोष्टकातील तिसरा स्तंभ अखेर पहिल्या स्तंभाची मदत न घेता भरला गेला होता.

आता वेगातील उरलेली अनिश्चितता जवळजवळ सर्वस्वी मीटरच्या व्याख्येतून येत होती. वारंवारता तरंगलांबीपेक्षा अधिक अचूक मोजली जाऊ लागली होती. तेव्हा जी राशी सर्वांत कच्ची, तिचीच व्याख्या बदलणे शहाणपणाचे होते, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये सतराव्या महापरिषदेने तसेच केले. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा निश्चित करण्यात आला, आणि एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश निर्वातात जेवढे अंतर कापतो ते एक मीटर, अशी व्याख्या झाली. त्या दिवसापासून प्रकाशाचा वेग मोजण्याला अर्थ उरला नाही; तसा प्रयोग कोणी केला तर तो आपल्या मीटरची पट्टी तपासत असतो. तरंगलांबी आता मोजलेली राशी राहिलेली नाही. वारंवारता मोजायची आणि तिने निश्चित वेगाला भागायचे की तरंगलांबी मिळते. आयोडीनवर स्थिर केलेल्या तांबड्या हेलियम-निऑन लेसरची वारंवारता ४७३.६१२ लाख कोटी हर्ट्झ आहे, म्हणून त्याची निर्वातातील लांबी ६३२.९९१ नॅनोमीटर. यंग यांनी ज्या दिशेने गणित केले होते त्याच्या बरोबर उलट दिशेने हे गणित जाते.

बोल्डरसारख्या लेसरांच्या साखळ्या उभारणे अतिशय खर्चाचे आणि कष्टाचे होते, आणि जगात मोजक्याच प्रयोगशाळांना ते शक्य होते. जर्मनीतील थिओडोर हेन्श आणि बोल्डर येथील जॉन हॉल यांच्या गटांनी १९९९-२००० मध्ये विकसित केलेल्या वारंवारता-कंगव्याने ती गरज संपवली. अत्यंत क्षणिक स्पंद ठरावीक अंतराने सोडणाऱ्या लेसरच्या वर्णपटात लाखो रेषा सारख्या अंतरावर उभ्या असतात. हे अंतर सीझिअमच्या घड्याळाशी बांधले आणि सर्व रेषा मिळून शून्यापासून किती सरकल्या आहेत ते ओळखले की प्रत्येक रेषेची वारंवारता ठाऊक होते, मग अज्ञात प्रकाश जवळच्या रेषेशी ताडून पाहणे एवढेच उरते. या कामासाठी दोघांना मिळून २००५ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

स्ट्रॉन्शियम अणूच्या तांबड्या रेषेची वारंवारता आज ४२,९२,२८,००,४२,२९,८७३ हर्ट्झ अशी एककापर्यंत सांगता येते, आणि अशा रेषांवर चालणारी प्रकाशीय घड्याळे सीझिअमच्या घड्याळाला अचूकतेत मागे टाकून पुढे गेली आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेतही यटर्बियमच्या आयनावर चालणारे असे घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले आहे. नोव्हेंबर २०२२ मधील महापरिषदेने सेकंदाची नवी व्याख्या २०३० च्या परिषदेपुढे निर्णयासाठी यावी या दृष्टीने काम करण्याचे ठरवले आहे. तो निर्णय होईपर्यंत जगातील प्रत्येक सेकंद, आणि त्याच्या आधारे प्रत्येक मीटर, सीझिअमच्या त्याच ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांनी मोजला जात राहील.